राजीनामा सगळ्यात शेवटी : सोलापुरात राहून स्वतःचं फोटोबुक काढायचं असेल तर

माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. नोकरी सोडली, महागडा कॅमेरा घेतला, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो काढले, प्रेसमध्ये जाऊन पाचशे प्रती छापल्या आणि त्या आता पलंगाखाली आहेत. मग विचारतात, "विकायचं कसं?" मीही टॉवेलच्या कारखान्यात चौदा वर्षं बिलिंग सांभाळून या कामात आलो आणि माझं पहिलं पुस्तक अगदी याच पद्धतीने बुडवलं. कामं सगळी योग्य होती, क्रम उलटा होता. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

फाइन आर्ट म्हणजे इथे एवढंच धरा : गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून केलेलं नव्हे, स्वतः निवडलेल्या विषयावर स्वतःच्या हिशेबाने केलेलं काम. आणि पुस्तक स्वतः काढायचं म्हणजे प्रकाशक, मुद्रितशोधक, हमाल आणि वसुली कारकून हे सगळं आपणच. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत दोन ते तीन वर्षं लागतात. त्यातला बहुतेक काळ पगार चालू असताना काढायचा आहे.

पायरी १ : घरचा हिशेब

एक वही घ्या आणि तीन खाती उघडा. पहिलं घरखर्चाचं, त्यात बारा महिन्यांचा खर्च बाजूला पडला पाहिजे. दुसरं पुस्तकाचं. तिसरं कॅमेरा-लेन्सचं, आणि हे सगळ्यात लहान असू द्या. लोक नेमकं तिसऱ्यापासून सुरू करतात आणि पहिल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

आता पुस्तकातून काय सुटतं ते बघा. समजा, ३०० प्रती छापल्या आणि प्रतीमागे ४०० रुपये खर्च आला. म्हणजे १,२०,००० रुपये गेले. किंमत ठेवली १,००० रुपये. २०० प्रती तुम्ही स्वतः विकल्या. पॅकिंग आणि टपालाचे शंभर वजा जाता प्रतीमागे ९००, म्हणजे १,८०,०००. आणखी ६० प्रती दुकानांतून गेल्या आणि दुकानदाराने ४० टक्के कमिशन कापलं, तर ३६,०००. उरलेल्या ४० ग्रंथालयांना, परीक्षण लिहिणाऱ्यांना आणि फोटोंतल्या माणसांना द्याव्याच लागतात. एकूण आले २,१६,०००. छपाई वजा करा, राहिले ९६,०००. दोन वर्षांच्या कामावर वाटले तर महिन्याला चार हजार. त्यातून पेट्रोल, डमी (पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना) आणि प्रूफ (छपाईआधीचं चाचणीचं पान) अजून वजा करायचेत.

आणि हा हिशेब सगळ्या प्रती खपल्या असं धरून केलेला आहे.

तेव्हा पुस्तकावर घर चालेल हे डोक्यातून काढून टाका. घर चालतं ते पुस्तकामुळे मिळणाऱ्या कामांवर : सही केलेल्या प्रिंट, कार्यशाळा, एखाद्या संस्थेचं दस्तऐवजीकरण. आणि पहिली काही वर्षं लग्नाच्या तिथ्यांवरही. त्यात कमीपणा काही नाही. मी अजूनही वर्षाला आठ-दहा लग्नं करतो, फक्त त्यांचे फोटो आणि पुस्तकाचे फोटो एका हार्ड डिस्कवर ठेवत नाही.

पगार चालू असतानाच दोन कामं उरकून घ्या. कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी स्वतःच्या नावावर काढा, कारण कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षेचा काळ असतो. आणि घराचं कर्ज घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. सॅलरी स्लिप नसलेल्या माणसाकडे बँक काही वर्षांची विवरणपत्रं मागते.

सावधान : पुस्तकासाठी पीएफ मोडू नका आणि बायकोचे दागिने तारण ठेवू नका. हे सांगावं लागतं, कारण दोन्ही करून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी २ : विषय एका वाक्यात

"सोलापूर" हा विषय होत नाही. "सोलापूरचं वैभव" तर नाहीच. सिद्धेश्वर तलावातलं मंदिराचं प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, गड्ड्यातला आकाशपाळणा : हे फोटो सगळ्यांकडे आहेत, तुमच्याहून चांगले आहेत आणि मोबाइलवर फुकट फिरतात. त्यांच्यासाठी हजार रुपये कोण मोजेल?

विषय असा हवा की जिथे तुम्ही वर्षभर, पुन्हापुन्हा, पैसे न घालवता जाऊ शकाल. इथेच गावात राहणाऱ्याला फायदा आहे. माझं दुसरं पुस्तक नळाला पाणी येण्याच्या दिवसावर आहे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या गल्लीचं वेळापत्रक बदलतं. निळे ड्रम, गच्चीवर नेलेल्या नळ्या, पहाटे जागी असलेली पोरं, शाळेला मारलेली दांडी. यासाठी मला कुठे जावं लागलं नाही, दारात उभं राहावं लागलं. पूर्व भागातले यंत्रमाग, ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, उन्हाळ्यात दुपारी एक ते चार ओस पडणारे रस्ते, बंद गिरण्यांच्या आवारात उगवलेली बाभळ : असे पाच-पन्नास विषय इथे पडून आहेत.

तपासणी : विषय शेजाऱ्याला एका वाक्यात सांगा. तो "मग?" म्हणाला तर विषय अजून कच्चा आहे. तो लगेच स्वतःचा किस्सा सांगू लागला तर पुढे जा.

पायरी ३ : फोटो काढताना पाळायची शिस्त

हा भाग थोडक्यात, कारण इथपर्यंत आलेल्यांना कॅमेरा चालवता येतो. एक बॉडी, फार तर दोन लेन्स, आणि अख्ख्या पुस्तकात तेवढंच. दर आठवड्याला नवी लेन्स वापरली की पुस्तक पाच जणांनी काढल्यासारखं दिसतं. रॉ फाइल ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ती भावाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवली तरी चालेल. भुईकोट किल्ल्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढा.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर ऊन इतकं पांढरं होतं की चेहऱ्यांवरचा तपशील उडतो. एक तर तो पांढरेपणा हाच विषय करा, नाहीतर कॅमेरा पिशवीत ठेवा. मधलं काही करू नका.

पायरी ४ : संमती आणि हक्क

ही पायरी लोक पुस्तक छापून झाल्यावर आठवतात. ती फोटो काढण्याबरोबरच चालली पाहिजे.

रस्त्यावरच्या गर्दीचा प्रश्न नसतो. पण घरात, कारखान्यात, ओसरीवर बसून काढलेल्या ओळखू येणाऱ्या चेहऱ्यासाठी एक पानी संमतीपत्र घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : फोटो पुस्तकात येईल, प्रदर्शनात लागेल, विकला जाईल. सोलापुरात हे पत्र नुसतं मराठीत असून भागत नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारा माणूस बरोबर असू द्या आणि त्याचीही साक्षीदार म्हणून सही घ्या. लहान मुलांसाठी आई-वडिलांची सही हवी.

पहिल्या दिवशी कागद पुढे करू नका. पहिल्या दिवशी कुणीही "फोटो कशाला काढलालाव?" असंच विचारणार, आणि ते बरोबरच आहे. आधी दोन-तीन चकरा मारा, काढलेला फोटो चार बाय सहाच्या प्रिंटवर नेऊन द्या. पुढच्या वेळी अक्का स्वतःच चहा टाकतात. मग कागद काढा.

दुसरी बाजू हक्कांची, आणि लग्नाची फोटोग्राफी करणाऱ्यांनी ही नीट वाचावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचंही, उलट करार नसेल तर, साधारण असंच. म्हणजे दहा वर्षांतल्या लग्नांतले "कलात्मक" क्षण गोळा करून पुस्तक काढायचं म्हटलं तर ते फोटो कायद्याने तुमचे नसण्याचीच शक्यता जास्त. यापुढे ऑर्डर घेताना पावतीवरच एक ओळ टाका : छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या.

पायरी ५ : निवड

रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराने १९५० च्या दशकात अमेरिकाभर फिरून २७,००० हून जास्त फ्रेम टिपल्या आणि पुस्तकात घेतल्या ८३. हे प्रमाण डोळ्यांसमोर असू द्या. माझ्याकडे येणारे लोक सहाशे फोटोंतून साडेपाचशे आणतात आणि म्हणतात, "यातले कुठले काढू ते कळेना."

निवड स्क्रीनवर करू नका. स्क्रीनवर प्रत्येक फोटो एकटा दिसतो आणि एकटा असला की बरा वाटतो. लॅबमधून तीनशे फोटोंच्या साध्या, स्वस्त, चार बाय सहाच्या प्रिंट काढा. रविवारी हॉलमधली चटई गुंडाळा आणि सगळे जमिनीवर पसरा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी पाहुणे येतात.

मग चार ढीग करा. "हवाच", "कदाचित", "नको", आणि चौथा "मला आवडतो पण पुस्तकाचा नाही". हा चौथा ढीग सगळ्यात महत्त्वाचा. ज्या फोटोसाठी तुम्ही पहाटे तीनला उठलात, ज्याला स्पर्धेत बक्षीस मिळालं, जो आईला आवडतो, तो बहुधा इथला असतो. फोटो काढायला किती कष्ट पडले हे वाचकाला पानावर दिसत नाही.

ढीग दोन आठवडे डब्यात ठेवून द्या. मग पुन्हा पसरा. दुसऱ्या वेळी "हवाच" मधले निम्मे उठतात. सारखेच दोन फोटो असतील तर एक काढा. दोन्ही चांगले असले तरी काढा. साठ-सत्तरवर आलात की थांबा.

तपासणी : उरलेले फोटो अशा माणसाला दाखवा ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, पण विषय कळतो. माझे फोटो मी पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला दाखवले. त्याने तीन बाजूला केले : "हे पाण्याच्या दिवसाचे नाहीत, साहेब. ड्रम कोरडे आहेत." ते तिन्ही माझे लाडके होते.

पायरी ६ : क्रम आणि डमी

पुस्तकात फोटो एकटा नसतो. डावीकडे एक असतो, उजवीकडे एक, आणि पान उलटलं की मागचा आठवणीत असतो. म्हणून क्रम लावताना एकेका फोटोचा नव्हे, समोरासमोरच्या दोन पानांचा विचार करा. प्रत्येक उजव्या पानावर फोटो भरायची घाई नको. कोरं पान म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे, तिथे वाचक दम खातो.

काळाप्रमाणे लावा, रंगाप्रमाणे लावा, आकाराप्रमाणे लावा, पण एकच सूत्र शेवटपर्यंत ओढू नका. माझी पहिली मांडणी पहाटेपासून रात्रीपर्यंत होती. सरळ होती आणि चाळीसाव्या पानावर कंटाळा येत होता. मग मी अख्खी मांडणी एका ड्रमच्या भरण्यावर लावली : रिकामा, अर्धा, काठोकाठ, पुन्हा रिकामा.

क्रम ठरला की डमी करा. साध्या ए-फोर कागदावर, घरच्या प्रिंटरवर, खऱ्या पुस्तकाच्या आकारात कापून, मध्ये दोरा घालून. डमी केल्याशिवाय प्रेसमध्ये पाऊल टाकू नका. पडद्यावरच्या पीडीएफमध्ये न दिसणारी एक गोष्ट डमीत लगेच दिसते : मधली घडी. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधोमध चेहरा असेल तर तो घडीत जातो. माझ्या पहिल्या पुस्तकात एका वयस्कर विणकराचं नाक असं कायमचं गेलं. पुस्तक त्यांच्या घरी नेऊन दिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नातवाने विचारलं.

आकार ठरवताना शीटचा, म्हणजे प्रेसच्या मोठ्या कागदाचा, हिशेब करा. २३ बाय ३६ इंची शीटमधून साडेआठ बाय अकराच्या पुस्तकाची आठ पानं निघतात, दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठांचा एक फर्मा. तोच आकार दहा बाय दहा चौकोनी केला तर एका शीटमधून सहाच पानं निघतात आणि उरलेला कागद रद्दीत जातो, पैसे मात्र तुमचे. मोबाइलवर चौकोनी फोटो बघायची सवय लागलेले सगळे चौकोनी पुस्तक मागतात. हट्टच असेल तर करा, पण खर्च आधी विचारून. एकूण पृष्ठं १६ च्या पटीत ठेवा : ८०, ९६, ११२. नव्वद पृष्ठांचं पुस्तक म्हणजे शेवटी सहा कोरी पृष्ठं किंवा घाईत भरलेले सहा वाईट फोटो.

पायरी ७ : डमी फिरवा, आगाऊ नोंदणी घ्या

छपाईच्या आधी विक्री. ही ओळ वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डमी घेऊन किमान दहा जणांना भेटा. त्यांतले दोन-तीन तरी सोलापूरबाहेरचे असावेत. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे, तिथे २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो आणि त्यात पोर्टफोलिओ बघून मत देणारी सत्रं असतात. रात्रीच्या गाडीने जाऊन येता येतं. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन लावायचं स्वप्न असेल तर अर्ज आत्ताच करा; तिथली रांग वर्षांची आहे, महिन्यांची नाही.

मग आगाऊ नोंदणी. दीड महिन्याची मुदत, थोडी सवलत, छपाईची ठरलेली तारीख. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि प्रत्येकाला पावती द्या. लोकांना फोन करा. नुसता व्हॉट्सॲपवर संदेश टाकला की चाळीस अंगठे येतात आणि चार ऑर्डरी.

तपासणी : छपाईच्या खर्चाच्या निम्मी रक्कम नोंदणीतून जमली तर प्रेसला जा. नाही जमली तर प्रती कमी करा. पंचवीस-तीसच नोंदल्या गेल्या तर डिजिटल छपाईवर पन्नास प्रती काढा आणि त्यावर क्रमांक घाला. पन्नास प्रतींचं खपलेलं पुस्तक पाचशेच्या पडून राहिलेल्यापेक्षा जास्त हातांत जातं.

पायरी ८ : आयएसबीएन आणि श्रेयाचं पान

भारतात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्या व्यक्तीलाही मिळतो. "आम्ही आयएसबीएन देतो, एवढे पैसे" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, कारण मग नोंदीत प्रकाशक म्हणून नाव त्यांचं लागतं. अर्ज डमीच्या वेळीच करा. नंबर येईपर्यंत वेळ जातो आणि तो छापायच्या फाइलमध्ये असावा लागतो.

श्रेयाच्या पानावर कॉपीराइट, वर्ष, आवृत्ती, प्रकाशक म्हणून तुमचं नाव-पत्ता, मुद्रकाचं नाव, किंमत. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. या चार प्रती हिशेबात आधीच धरा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही; पण सुट्या प्रिंट आणि कार्यशाळा यांचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी सीएची एक तासाची फी द्या.

पायरी ९ : फाइल तयार करणं

सगळ्यात जास्त पुस्तकं इथे मरतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच : मॉनिटरचा उजेड. दुकानातून आणलेला मॉनिटर जितका झगझगीत असतो तितका कागद कधीच नसतो. त्यावर बघून फोटो "बरोबर" केले की छापून काळे येतात. माझ्या पहिल्या पुस्तकातले संध्याकाळचे सगळे फोटो डांबरासारखे आले. मी प्रेसवाल्याशी भांडलो. चूक त्याची नव्हती.

कॅलिब्रेटर (मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं यंत्र) विकत घेऊ नका, भाड्याने किंवा मित्राकडून आणा. मॉनिटरचा उजेड १०० ते १२० कँडेलापर्यंत खाली आणा, रंगाचं तापमान ६५०० केल्विन. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. सवय होते.

त्यानंतर या क्रमाने चला :

१. प्रेसला विचारा, कुठला कागद आणि कुठला रंग प्रोफाइल. हे कळल्याशिवाय फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करू नका.
२. फोटो छापायच्या आकारातच ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) आणा. छोटी फाइल ताणून मोठी करू नका.
३. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) द्या.
४. बिनचकाकीच्या नॅचरल शेड कागदावर शाई पसरते, सावल्या भरून येतात. अशा कागदासाठी सावल्या थोड्या उघडा.
५. कृष्णधवल फोटो नुसत्या काळ्या शाईत फिके पडतात आणि चार रंगांत छापले तर हिरवट किंवा जांभळट झाक येते. परवडत असेल तर काळा आणि करडा अशा दोन शायांत छापून घ्या.
६. शेवटी, खऱ्या कागदावर खऱ्या मशीनचं एक प्रूफ. त्यासाठी सगळ्यात काळा, सगळ्यात पांढरा आणि माणसाच्या कातडीचा, असे तीन फोटो निवडा.

प्रूफ दिवसा उजेडात, खिडकीशी बघा. प्रेसच्या ट्यूबलाइटखाली "छान" म्हणू नका.

पायरी १० : प्रेस, कागद, बांधणी

किमान तीन प्रेसकडून लेखी दर घ्या, तिन्हींना तीच माहिती देऊन : आकार, पृष्ठं, कागद, जाडी, रंग, बांधणी, प्रती. एकाला १३० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरमागचं वजन ग्रॅममध्ये) आणि दुसऱ्याला १७० सांगून दरांची तुलना करणारे महाभाग आहेत. सोलापुरात पत्रिका, बिलबुकं आणि पॅकिंगचं काम चांगलं करणारे प्रेस पुष्कळ आहेत. फोटोबुकाचं काम कुणी केलंय हे त्यांनी आधी छापलेलं पुस्तक हातात घेऊनच ठरवा. नाहीतर पुण्याला जा.

साधारण दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल, तीनशेच्या पुढे ऑफसेट परवडू लागतं, कारण ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तोच पडतो. इथेच सापळा आहे. प्रेसवाले म्हणतात, "साहेब, तीनशेचे एवढे, पाचशेला थोडेच वाढतात, हजारच काढा की." प्रतीमागचा दर खरंच उतरतो. पलंगाखालची जागा मात्र वाढत नाही.

कागदाच्या धाग्याची दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी, हे ऑर्डरीत लिहून द्या. उलटी असली तर पानं ताठ राहतात आणि कोरड्या हवेत लाटा येतात.

बांधणीसाठी, शक्य असेल तर, फर्मे शिवून घ्या. शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं, घडीत फोटो कमी जातो. गम बाइंडिंग स्वस्त पडतं. पण माझ्या पहिल्या पुस्तकाच्या दोनशे प्रती पत्र्याच्या खोलीत होत्या, बाहेर पारा ४२-४३ वर, आणि मे महिन्याच्या शेवटी एकेक पान हातात येऊ लागलं. गमच करायचं असेल तर साध्या गरम गोंदाऐवजी पीयूआर गम मागा, तो उष्णतेत टिकतो. आणि गठ्ठे पत्र्याखाली ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर दूर, वाळवीसाठी महिन्यातून एकदा नजर.

तपासणी : पूर्ण पैसे देण्याआधी कुठलेही दहा नग उघडून बघा. पानांचा क्रम, उलटा लागलेला फर्मा, कापताना तिरकी गेलेली कड, चिकटलेली पानं. खराब प्रती तिथेच परत करा. घरी आणल्या की त्या तुमच्या.

पायरी ११ : सही केलेल्या प्रिंट

पुस्तकातले पाच-सहा फोटोच प्रिंटसाठी निवडा. कॉटन कागद, ३०० जीएसएमच्या आसपास, पिगमेंट शाई. लग्नाच्या अल्बमसारखं लॅमिनेशन नको. आवृत्ती ठरवा, समजा दहा, आणि छायाचित्रकाराच्या स्वतःच्या दोन. पांढऱ्या कडेवर पेन्सिलने क्रमांक आणि सही : ३/१०. कुठली प्रिंट कुणाला, केव्हा, कितीला गेली हे वहीत.

दहा म्हणजे दहा. अकरावी कधीच काढायची नाही, दुसऱ्या आकारातही नाही, जर तुम्ही आधी सगळे आकार मिळून दहा असं सांगितलं असेल. सोलापूर लहान आहे. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ४/१० आणि दुसऱ्यांच्या घरी तोच फोटो बिनक्रमांकाचा लागला, की ही गोष्ट लगेच गावभर होते.

पायरी १२ : आता राजीनामा

मी ठेवलेली अट सांगतो, तुम्ही आपली ठरवा. सलग सहा महिने पगाराव्यतिरिक्तची कमाई घरखर्चाच्या निम्मी. पहिल्या पुस्तकाचा खर्च वसूल. दुसऱ्याचा विषय हातात आणि त्याचे निदान शंभर फोटो काढून झालेले. बारा महिन्यांच्या खात्याला हात न लागलेला. हे चारही जमलं त्या महिन्यात घरी बसून बोला आणि ते बोलणं दिवाळीचा बोनस हातात पडल्यानंतरचं असू द्या.

नोटिशीच्या काळात कंपनीकडून अनुभवाचं पत्र, शेवटच्या सॅलरी स्लिपा आणि मागच्या तीन वर्षांचे फॉर्म १६ कागदावर घेऊन फाइल करा. पीएफच्या खात्यात मोबाइल नंबर, बँक खातं आणि वारसाचं नाव बरोबर आहे ना ते बघा. कंपनीचा ई-मेल बंद व्हायच्या आत त्यावर आलेली स्वतःची कागदपत्रं उतरवून घ्या. मी हे विसरलो होतो आणि एका फॉर्म १६ साठी आठ महिन्यांनी जुन्याच गेटवर तासभर उभा होतो.